फुरशाचे विष आणि रक्ताची गाठ

एखाद्या जिल्ह्याचा इतिहास सांगावयाचा म्हटले म्हणजे आपण तेथले किल्ले, बंदरे, ताम्रपट आणि थोर पुरुष यांच्याकडे वळतो. रत्नागिरीच्या बाबतीत या गोष्टींची वाण नाही. परंतु आज आम्ही आपल्यासमोर या जिल्ह्याच्या इतिहासातले जे प्रकरण मांडणार आहोत, त्याचा नायक ना राजा आहे, ना संत, ना देशभक्त. तो आहे हातभर लांबीचा, मातकट रंगाचा एक साप. त्याला आपण फुरसे म्हणतो. या सापाच्या विषापासून आरंभ करून माणसाच्या रक्तातील एका अतिसूक्ष्म प्रथिनापर्यंत, आणि तेथून हृदयविकाराच्या औषधापर्यंत जी वाट गेली, ती आज पाहावयाची आहे. वाट लांबची आहे, परंतु तिचे एक टोक आपल्याच दारात आहे.

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभे राहिले तर समोर दर्या, एका अंगाला रत्नदुर्गाचे टोक आणि पाठीशी चढत गेलेली जांभ्याची जमीन दिसते. या जांभ्याच्या सड्यावर पावसाळा सोडला तर गवताच्या काड्या, सैल दगड आणि भेगा यांखेरीज काही दिसत नाही. फुरशाला यापरते दुसरे सुख नको. चिऱ्याखाली, गडग्याच्या फटीत, लाकडांच्या ढिगात ते वेटोळे करून बसते. डिवचले तर पळत नाही. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झेप घेते. मिरकरवाड्यातल्या दर्यावर्दी माणसाला जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापाची भीती असते. घराच्या पाठीमागे वर सड्यावर लाकूडफाट्याला किंवा गवताला जाणाऱ्या माणसाला भीती असते ती या फुरशाची.

डोक्यांची मोजदाद

इंग्रजी अमदानीत या भीतीला सरकारदरबारी आकड्यांचे रूप आले. मेलेले फुरसे कचेरीत आणून दाखवावे आणि बक्षीस घेऊन जावे, अशी पद्धत रत्नागिरी जिल्ह्यात सुरू झाली. १८६२ सालच्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढवण्यात आली, तेव्हा आठवड्याभरात लाखाहून अधिक फुरशी आणून हजर केली गेली. मुंबई इलाख्याच्या मुलकी खात्यातले जी. डब्ल्यू. व्हिडाल नावाचे अधिकारी होते. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी १८८० साली त्यांनी प्रसिद्ध केली, म्हणजे गृहस्थ नुसते कागद रंगवणारे नव्हते. त्यांनी १८९० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात विषारी सापांवर लिहिताना या जिल्ह्याचा हिशोब दिला आहे. सहा वर्षांच्या सरासरीने वर्षाला दोन लाखांहून अधिक फुरशी येथे मारली जात होती.

दोन लाख! एवढ्या संहारानंतर जिल्ह्यातून फुरशाचे नाव पुसले जावयास हवे होते. तसे झाले नाही. आजही सड्यावर फुरसे आहे. हा साप अंडी घालत नाही, जिवंत पिले देतो, आणि जांभ्याची प्रत्येक भेग हे त्याचे घर आहे. मोजदाद झाली, पैसे वाटले गेले, दंश होतच राहिले.

व्हिडाल यांचा खरा मोठेपणा मात्र या आकड्यात नाही. त्या काळी सर्पदंश म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर नाग उभा राही. व्हिडाल यांनी ठासून सांगितले की, मुंबई इलाख्यातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा या क्षुल्लक दिसणाऱ्या फुरशाचा आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. नाग चावलेला माणूस काही तासांत जातो. फुरसे चावलेला माणूस काही दिवसांनी जातो. दंशाच्या जागी सूज येते, मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्त झिरपू लागते आणि थांबता थांबत नाही.

ही नोंद महत्त्वाची होती. नागाचे विष श्वासाचे स्नायू बंद पाडते. फुरशाचे विष रक्तावर उठते. रक्त वाहते, कारण त्याला गोठता येत नाही. का गोठता येत नाही, हा प्रश्न मात्र तेव्हा अनुत्तरित राहिला. त्याचे उत्तर मिळण्यासाठी रक्त मुळात गोठते कसे, हे आधी कळावयास हवे होते.

रक्त थांबते कसे?

येथे आपण क्षणभर धक्क्यावर जाळे विणणाऱ्या माणसाकडे पाहू. जाळे फाटले की तो सूत घेतो, भोकाच्या कडेला गाठ मारतो, त्या गाठीतून दुसऱ्या गाठीकडे सूत नेतो, आणि पाहता पाहता भोक बुजते. रक्तवाहिनीला भोक पडले म्हणजे आपल्या शरीरात असेच काम चालते.

१८८२ साली इटलीतल्या तुरीन येथील जुलिओ बिझोझेरो यांनी दाखवून दिले की, रक्तात तांबड्या आणि पांढऱ्या पेशींखेरीज तिसरे सूक्ष्म कण असतात आणि जखमेच्या जागी तेच प्रथम गोळा होतात. त्यांना आपण बिंबाणू म्हणतो. दवाखान्याच्या बोलीत प्लेटलेट. यांचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट, आणि एका घनमिलिमीटर रक्तात त्यांची संख्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत. जाळ्याच्या उपमेत बिंबाणू म्हणजे गाठी. रक्तद्रवात विरघळलेले फायब्रिनोजेन नावाचे लांबट प्रथिन म्हणजे सूत. त्या सुताची दोन टोके दोन निराळ्या बिंबाणूंना धरतात आणि कण एकमेकांना बांधले जातात. मागाहून याच फायब्रिनोजेनचे पक्के तंतू बनून त्यांचे जाळे त्या गोळ्यावर बसते.

पण सूत गाठीला अडकते कशात? येथून आपल्या कथेचा खरा विषय सुरू होतो.

शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ पटलात गुंडाळलेली असते. हे पटल स्निग्ध पदार्थांचे, म्हणून पाणी आणि पाण्यात विरघळलेले पदार्थ त्यातून सहजी जात नाहीत. परंतु त्या पटलात ठिकठिकाणी प्रथिने रोवलेली असतात. त्यांचे एक टोक पेशीच्या आत, दुसरे बाहेर. बाहेरचा निरोप आत पोचवणे, हवे ते आत घेणे, नको ते बाहेर टाकणे, शेजाऱ्याला धरून राहणे ही सारी कामे या प्रथिनांची. गावकुसाला वेस असावी आणि वेशीवर पहारेकरी असावेत, तशी ही योजना आहे. गावात शिरावयाचे तर वेशीवरच्या माणसाला वश केले पाहिजे, हे शत्रूला कळते. वैद्यालाही ते कळले पाहिजे. आज वापरातल्या औषधांपैकी फार मोठा भाग पटलातल्या अशाच प्रथिनांवर काम करतो, त्याचे कारण हेच.

तीन रुग्ण आणि हरवलेले प्रथिन

बिंबाणूच्या पटलातला पहारेकरी कोण, हे शोधण्यास मदत झाली ती एका विरळ आजाराची. १९१८ साली स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी काही कुटुंबांतल्या मुलांचे वर्णन केले. नाकातून रक्त येई ते तासन्‌तास थांबत नसे, दात पडला तरी जिवावर बेते, अंगावर निळे डाग उमटत. आश्चर्य हे की बिंबाणू मोजले तर संख्या बरोबर! सैन्य पुरे आहे पण लढत नाही, अशी अवस्था. ग्लान्झमान यांनी याला बिंबाणूंचा दुबळेपणा या अर्थाचे नाव दिले आणि पुढे तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

पुढची पन्नासेक वर्षे या दुबळेपणाचे कारण कळत नव्हते. १९७४ साली पॅरिसमध्ये ॲलन नर्डन आणि झाक काँ यांनी अशा तीन रुग्णांचे बिंबाणू घेतले, त्यांच्या पटलातली प्रथिने विजेच्या साहाय्याने वजनानुसार निरनिराळ्या पट्ट्यांत विभागली, आणि निरोगी माणसाच्या पट्ट्यांशी ताडून पाहिली. तिघांतही एका जागची पट्टी जवळजवळ नाहीशी होती. १९७७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड फिलिप्स आणि पो ॲगिन यांनी अधिक बारकाईने पाहून दाखवले की, हरवलेली प्रथिने एक नव्हे, दोन आहेत. पट्ट्यांच्या अनुक्रमावरून त्यांना दोन-ब आणि तीन-अ असे क्रमांक मिळाले होते. ही दोन प्रथिने पटलात जोडीने राहतात. एका बिंबाणूवर अशा सुमारे ८० हजार जोड्या असतात.

म्हणजे सूत ज्या कडीत अडकते ती कडी सापडली. ग्लान्झमानच्या रुग्णांत गाठी पुष्कळ होत्या, सूतही होते, कड्या नव्हत्या. पुढे कळले की ही कडी एरवी मिटलेली असते. जखम झाल्याचा निरोप आतून आला म्हणजेच ती उघडते आणि फायब्रिनोजेनला धरते. असे नसते तर धडधाकट माणसाचे रक्त वाहता वाहताच गोठले असते.

येथे इतिहासाला एक वळण मिळाले. ज्या कडीच्या अभावी मुले रक्तस्रावाने मरत, तीच कडी नको तेथे काम करू लागली तर? हृदयाच्या धमनीत वर्षानुवर्षे साचलेला थर एके दिवशी फुटतो. शरीराला वाटते जखम झाली. बिंबाणू धावून येतात, कड्या उघडतात, गाठी बसतात, आणि हृदयाला रक्त पोचवणारी वाटच बंद होते. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. जाळे विणणारा हात तोच. भोक बुजवावयाचे सोडून त्याने बंदराचे तोंडच बुजवले. तेव्हा ही कडी काही तासांपुरती धरून ठेवता आली तर?

विषातून औषध

पहिला प्रयत्न सापाकडून नव्हे, उंदराकडून आला. न्यूयॉर्क राज्यात बॅरी कोलर यांनी उंदरांना मानवी बिंबाणू टोचले आणि त्यांच्या शरीरात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांतून नेमके या कडीवर बसणारे प्रतिद्रव्य १९८० नंतरच्या काळात वेगळे केले. त्यावरून बनलेले ॲब्सिक्सिमॅब १९९४ साली अमेरिकेत मान्य झाले. धमनी फुग्याने रुंद करून घेणाऱ्या २,०९९ रुग्णांवरील चाचणीत, तीस दिवसांतल्या गंभीर घटनांचे प्रमाण शेकडा १२.८ वरून ८.३ वर आले. रक्तस्राव मात्र वाढले. आता ते औषध वापरातून गेले आहे, परंतु कडी धरता येते हे त्याने सिद्ध केले.

याच सुमारास दुसऱ्या दिशेने काही संशोधक सापांच्या विषाकडे वळले होते. १९८४ साली कॅलिफोर्नियात मायकेल पिअर्शबाखर आणि एर्की रुओस्लाहती यांनी दाखवले की, पेशींना चिकटून धरणाऱ्या प्रथिनात आर्जिनीन, ग्लायसीन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीनच अमिनो आम्लांचा क्रम ही खरी किल्ली आहे. फायब्रिनोजेनच्या अंगीही ही किल्ली आहे. १९८७ मध्ये फिलाडेल्फियात तैवानकडील एका सापाच्या विषात तीच किल्ली असलेले लहान प्रथिन सापडले. आणि १९८८ साली मर्क कंपनीच्या संशोधकांनी आणखी एका सापाच्या विषातले असेच प्रथिन प्रसिद्ध केले. त्याची साखळी अवघी ४९ अमिनो आम्लांची. त्याला त्यांनी एकिस्टाटिन हे नाव दिले, कारण सापाचे शास्त्रीय नाव होते एकिस कॅरिनेटस. श्रोतेहो, हे आपल्या फुरशाचे नाव!

फुरशाची ही जात कोकणापासून राजस्थान, सिंध, इराण आणि थेट मध्य आशियापर्यंत पसरलेली आहे. रत्नागिरीच्या कचेरीत जिची डोकी मोजली गेली, तीच ही जात. व्हिडाल यांच्या वेळी अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर आता पुरे झाले. फुरशाच्या विषात एकच शस्त्र नाही. त्यातला एक घटक रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला एकदम जागे करतो, त्यामुळे फायब्रिनोजेनचा साठा भलत्याच ठिकाणी खर्च होऊन जातो. म्हणजे सूतच संपते. दुसरा घटक रक्तवाहिन्यांच्या भिंती खिळखिळ्या करतो. आणि एकिस्टाटिन तीन अक्षरी किल्ली घेऊन बिंबाणूच्या कडीत जाऊन बसते, म्हणजे उरलेसुरले सूतही गाठीला धरू शकत नाही. ग्लान्झमानच्या रुग्णाला जन्मतः जे नसते, ते दंश झालेल्या माणसाचे काही काळ काढून घेतले जाते.

एकिस्टाटिन जसेच्या तसे औषध म्हणून देता येण्यासारखे नव्हते. मर्कच्या रसायनज्ञांनी त्यातली किल्ली तेवढी घेतली. किल्लीच्या दोन टोकांमधले अंतर आणि त्यांवरचे विद्युत्‌भार ध्यानात घेऊन त्यांनी टायरोसीन या साध्या अमिनो आम्लापासून एक छोटा रेणू घडवला. तो टिरोफिबान. प्रथिन नाही, साप नाही, विष नाही. फक्त विषाची युक्ती. १९९८ साली तो अमेरिकेत मान्य झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या १,९१५ रुग्णांच्या चाचणीत हेपरिनच्या जोडीला हे औषध दिले असता, सात दिवसांत मृत्यू, नवा झटका किंवा न थांबणारी छातीतली कळ यांचे एकत्रित प्रमाण शेकडा १७.९ वरून १२.९ वर आले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका बुटक्या खुळखुळ्या सापाच्या विषावरून बनवलेले एप्टिफिबाटाइडही आले. २००४ साली टिमथी स्प्रिंगर यांच्या प्रयोगशाळेने ही औषधे कडीच्या खाचेत नेमकी कशी बसतात, याचे क्ष-किरण चित्रच काढून दाखवले.

येथवरची कथा यशाची आहे. परंतु इतिहास सांगणाऱ्याने अपयश झाकू नये. शिरेतून काही तास दिलेले औषध जर इतके गुणकारी, तर तोंडाने घ्यावयाची गोळी करून वर्षानुवर्षे द्यावी, असा विचार पुढे आला. अशा अनेक गोळ्या तयार झाल्या आणि हजारो रुग्णांवर त्यांच्या चाचण्या झाल्या. २००० सालच्या आसपास निकाल हाती आले तेव्हा सर्वांनाच धक्का बसला. मृत्यू कमी झाले नव्हते, वाढले होते. ती सारी औषधे टाकून द्यावी लागली. जी कडी संकटकाळी काही तास धरून ठेवणे हिताचे, तीच महिनोन्‌महिने अर्धवट धरून ठेवणे घातक ठरले. आज टिरोफिबानसारखी औषधेही प्रत्येक झटक्यात दिली जात नाहीत. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या जातीची औषधे पुढे आल्यापासून, धमनीत गुठळी मोठी असेल किंवा फुग्याच्या उपचारात अडचण आली, अशा निवडक प्रसंगी डॉक्टर त्यांचा आधार घेतात. आपल्या देशातही ती मिळतात.

लक्ष्य आणि खूण

पटलातले असे प्रथिन वैद्याला दोन परींनी उपयोगी पडते. एक, ते औषधाचे लक्ष्य होते. ते आपण पाहिले. दुसरे, ते रोगाची खूण होते. वेशीवरचा पहारेकरी जागेवर आहे की नाही, यावरून गावाची अवस्था ओळखावी तसे हे आहे.

ग्लान्झमानच्या आजाराचे निदान आज याच खुणेवरून होते. या कडीला चिकटणारी, प्रकाशमान रंग लावलेली प्रतिद्रव्ये रुग्णाच्या रक्तात मिसळतात आणि एक-एक बिंबाणू यंत्रातल्या प्रकाशझोतासमोरून सोडतात. चकाकला तर कडी आहे, नाही चकाकला तर नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या अशा आजारांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांचे संदर्भकेंद्र म्हणून तिचा आरंभ झाला. कोकणातल्या एखाद्या मुलाच्या नाकातले रक्त थांबत नसेल आणि बिंबाणूंची मोजणी मात्र ठीक निघत असेल, तर घरच्यांनी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानून परत फिरू नये. संख्या ठीक असणे म्हणजे काम ठीक असणे नव्हे, ही या आजाराची मुख्य शिकवण आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही सदोष वारसे आले तरच हा आजार होतो. म्हणून जेथे जवळच्या नात्यात लग्ने होतात तेथे तो अधिक आढळतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे आणि इतरही नात्यांत सोयरिकी होतात. एखाद्या घराण्यात लहानपणापासून रक्त न थांबण्याची तक्रार असेल, तर सोयरीक जुळवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कोणाचीच अप्रतिष्ठा नाही.

कडी आहे की नाही ही एक खूण झाली. ती उघडी आहे की मिटलेली, ही त्याहून सूक्ष्म खूण. १९८५ साली सॅनफर्ड शॅटिल यांनी फक्त उघड्या कडीलाच चिकटणारे प्रतिद्रव्य तयार केले. त्यामुळे रक्तातले बिंबाणू शांत आहेत की चवताळलेले आहेत, हे प्रयोगशाळेत पाहता येऊ लागले. हृदयविकारावरील संशोधनात या परीक्षेचा मोठा उपयोग झाला आहे.

ऋण अजून फिटलेले नाही

आता पुन्हा आपल्या सड्यावर येऊ. फुरशाने जगाला हृदयविकाराचे औषध दाखवून दिले. ज्या माणसाला फुरसे चावते, त्याला या साऱ्या ज्ञानाचा काय लाभ झाला?

दंशावरचा उपाय अद्याप जुनाच आहे: घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिविष, ज्याला लोक सापाची लस म्हणतात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्याकडे याच कामासाठी घरोघर ठाऊक आहे. देवगडकडच्या सड्यांवरून फुरशी पकडून विषासाठी तिकडे पाठवली जात. देवगड तालुका १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच लस असते. ती गुणकारी आहे, वेळेवर मिळाली तर प्राण वाचवते. परंतु ती शिरेतूनच द्यावी लागते, तिची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ती देण्यास डॉक्टर आणि साधने हवीत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव आपण विंचवाच्या दंशावरील कामामुळे जाणतो. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी कोकणातल्या सर्पदंशांचाही असाच चिकाटीने अभ्यास करून २००२ साली तो प्रसिद्ध केला. रुग्णाच्या खाटेशी बसून टिपणे ठेवणारा खेड्यातला डॉक्टर काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

फुरशाच्या दंशात सर्वांत उपयोगी परीक्षा कोणती म्हणाल, तर ती दोन-चार रुपयांचीही नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत रुग्णाचे थोडे रक्त घ्यावयाचे, वीस मिनिटे ते हलवावयाचे नाही, आणि मग नळी आडवी करून पाहावयाची. रक्त पातळच राहिले तर विष रक्तावर उठले आहे आणि लस हवी. लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा तीच परीक्षा, कारण संपलेले सूत यकृताला नव्याने तयार करण्यास वेळ लागतो. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी पट्ट्या आणि क्ष-किरण यांनी जे दाखवले, त्याचेच व्यवहारातले रूप या काचेच्या नळीत आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही नळी आणि ही लस रात्री-अपरात्रीही मिळावी, ही मागणी अवास्तव नव्हे.

सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरवले. २०२४ साली भारत सरकारनेही तशी राष्ट्रीय योजना जाहीर केली. उपेक्षित हा शब्द योग्यच आहे. हृदयविकार श्रीमंतालाही होतो, म्हणून त्याच्या औषधासाठी साऱ्या जगाची बुद्धी आणि संपत्ती कामाला लागली. फुरसे गवत कापणाऱ्या बाईला चावते. विष एकच, त्यातून एकाला औषध मिळाले आणि दुसऱ्याच्या वाट्याला प्रतीक्षा आली.

जे आपल्या हातात आहे ते मात्र आज करता येईल. दंश झाल्यावर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. फुरशाच्या दंशात रक्त थांबत नाही हे एकदा कळल्यावर, जखमेवर पाते चालवणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. पाय किंवा हात स्थिर ठेवून, धीर देऊन, माणसाला थेट रुग्णालयात न्यावे. पहिल्या दिवशी बरे वाटते म्हणून घरी ठेवू नये, कारण फुरशाचा घाला काही दिवसांनीही पडतो, हे व्हिडाल यांनी १८९० सालीच लिहून ठेवले आहे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

तात्पर्य असे. १८६२ साली या जिल्ह्याने आपल्या शत्रूची डोकी मोजली. त्यातून सरकारी वहीतला एक मोठा आकडा तेवढा उरला. शंभर-सव्वाशे वर्षांनी कोणीतरी त्याच शत्रूच्या विषाचा एक थेंब घेऊन, हा नेमके काय करतो, असे विचारले. त्यातून माणसाच्या रक्ताचे एक रहस्य उलगडले आणि एक औषध निघाले. मारणे आणि जाणणे यांतला हा फरक आहे. फुरसे सड्यावर राहणारच आहे. आपण त्याच्या शेजारी राहतो, तेव्हा त्याला जाणून घेण्याचे काम आपलेही आहे. ज्या पोरांना हा साप चावतो, ती पोरे आपल्याच वाड्यांवरची आहेत.